सवतीचा टाक आणि गच्चीवरची खोली

आधीच सांगून टाकते – भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि खाली लिहिलंय ते घडल्यावरही बसलेला नाही. मी आष्ट्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. व्हिक्टोरियन काळातल्या गॉथिक कादंबऱ्या हा माझा आवडता पेपर. धुक्यातली हवेली, विझत आलेली मेणबत्ती, वरच्या मजल्यावर कोंडलेली पहिली बायको... भूत म्हणजे सिम्बॉल, बंद खोली म्हणजे दाबून टाकलेलं बाईचं मन, हे मी पोरांना दरवर्षी ठासून सांगते. परीक्षेत एवढं लिहिलं तरी पास व्हाल म्हणते.

माझी धाकटी बहीण मनीषा उंब्रजला दिली आहे. हवेली-बिवेली काही नाही. हायवेपासून जरा आत, उसाला लागून स्लॅबचं घर, आणि गच्चीवर पत्र्याची एक खोली. नवरा फौजेत, सुट्टीला येतो तेवढाच. मनीषा त्याची दुसरी बायको. पहिली सुरेखा, ती वारली. ‘डोक्यावर परिणाम झाला होता’ यापलीकडे त्या घरात तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. तिचा एक फोटोसुद्धा ठेवलेला नाही.

आमच्याकडे दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात सवतीचा टाक बांधतात. म्हणजे मेलेल्या पहिल्या बायकोच्या नावाने केलेली चांदीची छोटीशी प्रतिमा. नवी साडी आधी त्या टाकाला दाखवायची, मग आपण नेसायची... तिने त्रास देऊ नये म्हणून. मला लग्नातच संताप आला होता. जिवंतपणी जिला कुणी विचारलं नाही, तिला मेल्यावर दुसऱ्या पोरीच्या गळ्यात बांधायचं आणि वर तिचीच भीती घालायची. पण मनीषा म्हणाली, “जाऊ दे ताई, एवढ्यानं काय होतंय.”

यंदाच्या एप्रिलात मनीषा गरोदर होती. उन्हाने गळाभर घामोळं आलं, टाक टोचायला लागला, म्हणून तिने तो काढून देव्हाऱ्यात ठेवला. मग तिला ताप भरला आणि चक्कर येऊन ती पडली. हे सगळं तिनेच फोनवर सांगितलं. त्यानंतर तिचा फोन बंद. मी सुट्टी टाकली आणि थेट उंब्रज गाठलं.

भर दुपार होती. जिन्याला लागूनच चूल, तिथं सासू भाकरी थापत होती, दीर बापू शेजारी जेवत होता.

“मनी कुठाय, मावशी?”

“वर हाय. निजलीया.”

“एवढ्या उन्हात, पत्र्याखाली? तापात?”

“आवं ताई, सुरेखीनं धरलंय तिला. टाक काढला न्हवं का गळ्यातनं? म्या परत बांधलाय. अमावस्येला देवऋषी येनार हाय, तवर कुनाची सावली नगं.”

बापूने मान वरही केली नाही. “कुलूप लावलंय. पोटुशी बाई, कुठं पडली-बिडली तर?”

“सुरेखालाही तिथंच ठेवलं होतं का?” मी विचारलं.

सासूचा हात थांबला. “ती लय आरडायची,” ती म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. किल्ली द्या, नाहीतर पोलिसांना फोन करते, म्हटलं. तिने कमरेची किल्ली काढून मुठीत घट्ट धरली. बापू मला घराबाहेर व्हा म्हणून ओरडायला लागला, मीही काही कमी केलं नाही. आणि आम्ही हमरीतुमरीवर आलो असताना मनीषा जिन्यावरून खाली आली. तापाने लाल झालेली, पण कुणाचा आधार न घेता.

“कुणी सोडलं गं तुला?” मी विचारलं.

“एक बाई होत्या. दार उघडून म्हणाल्या, तुझी बहीण आलीय, खाली जा. शेजारच्या असतील... मी नाही ओळखलं.”

बापू भरल्या ताटावरून उठून वर धावला. मी त्याच्या मागे. दाराला कुलूप होतं – लागलेलं. ते एकाच किल्लीचं, आणि ती किल्ली सासूच्या मुठीत. तिने येऊन उघडलं. आत चटई आणि रिकामा तांब्या. खिडकीचे गज मी स्वतः हलवून पाहिले, कडी-कोयंडा ओढून पाहिला. सगळं घट्ट. गच्चीला जिना एकच, आणि आम्ही तिघं त्याच्या तोंडाशीच भांडत होतो. मनीषाच्या गळ्यात काळा दोरा होता, सासूने मारलेली गाठही तशीच. त्यातला टाक मात्र नव्हता. बापूने खोली झाडून काढली तरी तो मिळाला नाही.

मी मनीषाला त्याच कपड्यांवर आष्ट्याला आणलं. अंगातलं पाणी संपत आलं होतं, अजून एक दिवस तिथं राहिली असती तर बाळाचं सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. आता दोघं ठीक आहेत.

स्टाफरूममध्ये एक सर हसले, “मॅडम, तुमचा सिम्बॉल कुलपं उघडायला लागला की.” मला हसू आलं नाही. तापात भास झाला म्हणावं, तर भास दाराबाहेर काढत नाही. खूप डोकं खाजवलं, उत्तर सापडत नाही.

परवा सासूचा फोन आला. “नवा टाक कराय टाकलाय सोनाराकडं. पोरीला कवा धाडताय?” मी फोन कट केला.

तेव्हापासून जो भेटतो तो मला एकच विचारतो – कुलूप न उघडता ती बाहेर आली कशी? मला माहीत नाही. पण कुलूप लावलं कशाला होतं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.