दोन माणसांची बोट आणि बाकीची पार्सलं

पुसदला एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. आमच्या चौघांच्या रविवारच्या भटकंतीचं सगळं सामान याच दुकानाच्या पत्त्यावर येतं, कारण राठोड सरांचा तांडा आणि वैशालीताईंचं आरोग्य उपकेंद्र कुरिअरवाल्याला कधी सापडलेलं नाही. त्यामुळे खोकी साठतात माझ्या काउंटरखाली आणि किस्से साठतात काउंटरवर. खोकी मी रद्दीत घालतो. किश्श्यांना मात्र अजून गिऱ्हाईक मिळतं.

आम्ही चौघं म्हणजे मी, जिल्हा परिषदेच्या शाळेतले राठोड सर, टू-व्हीलर मेकॅनिक सलीमभाई आणि नर्स वैशालीताई. रविवार आला की डोंगर, जंगल, तलाव, जिकडे रस्ता जाईल तिकडे. दोन वर्षांपूर्वी आम्हाला वाटलं, आता जरा साधनसामग्री पाहिजे. साइट मोठी होती, पण माल विकणारा दर वेळी कोणी तिसराच निघायचा. त्याचं नाव असं की आपण वाचावं आणि जीभ अडकावी. फोटो मात्र इतके सुंदर की आम्ही पाचदा फसलो आणि सहाव्यांदाही तितक्याच उत्साहानं ऑर्डर दिली!

* * *

पहिली आली ती दुर्बीण. राठोड सरांनी शाळेतल्या पोरांना पक्षी दाखवायला मागवली. ‘वीसपट मोठं दिसेल’ असं लिहिलेलं. सरांनी दुकानाच्या पायरीवर उभं राहून समोरच्या पाण्याच्या टाकीवरचा बगळा आळीपाळीनं एकेक डोळा मिटून पाहिला. मग म्हणाले, डाव्या डोळ्यानं बगळा जवळ दिसतो, उजव्यानं पार दिग्रसला गेल्यासारखा वाटतो.

सलीमभाईंना उघडता येणारी कुठलीही वस्तू हातात पडली की त्यांचे डोळे चमकतात. त्यांनी तिथल्या तिथं स्क्रू ड्रायव्हर काढला. एका बाजूची भिंगं उलटी बसवलीत, हे त्यांनी दोन मिनिटांत ओळखलं. अर्ध्या तासात काम केलं आणि दुर्बीण फडक्यानं पुसून सरांच्या हातात दिली.

सरांनी पाहिलं. आता दोन्ही डोळ्यांनी बगळा दिग्रसला होता. सलीमभाईंनी चांगली बाजू उघडून तीच उलटी केली होती.

सलीमभाई शांतपणे म्हणाले, “पण सर, जोडी तं जुळली ना.”

* * *

टेंट मी मागवला. ‘सहा फुटी, चार माणसांचा, फेकला की उघडतो.’ दुकान बंद करून आम्ही तो मागच्या मोकळ्या जागेत फेकला. तो खरंच टणकन उघडला. सहा फूट होता, तेही खोटं नाही, पण ते सहा फूट वरच्या दिशेनं होते. खाली जेमतेम चार फरश्यांची जागा. नदीवर अंघोळीनंतर कपडे बदलायला असतो तसला उभा तंबू. आम्ही आत शिरून पाहिलं. चारही माणसं मावली. उभी.

मी परत पाठवायच्या तयारीत होतो, तेवढ्यात दुकानात आलेल्या राठोड सरांच्या आईनं तो पाहिला. सर तिला याडी म्हणतात, म्हणून आम्हीही याडीच म्हणतो. तिनं तंबूभोवती एक फेरी मारली, आत जाऊन चेन लावली, बाहेर आली आणि मला म्हणाली, “हा मले दे. वावरात बायायले आडोसाच नाही.”

मी जन्मभर वावरं पाहत आलो, पण हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. कापूस वेचायला पंधरा-वीस बाया सकाळपासून संध्याकाळपर्यंत वावरात असतात आणि झाड एकही नसतं. याडीनं तंबू धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभा केला. आठवड्यात शेजारच्या दोन तांड्यांतून निरोप आले, आम्हालाही तसलाच पाहिजे. मी हौसेनं त्याच विक्रेत्याकडून, तीच वस्तू, तोच फोटो पाहून आणखी दोन मागवले.

या वेळी त्यानं खरेखुरे चार माणसांचे टेंट पाठवले. झोपता येईल असे, ऐसपैस. बाया फार नाराज झाल्या. एकीनं मला तोंडावर सांगितलं, “भाऊ, तुमाले फसवलं त्यानं.”

* * *

सलीमभाईंचे बूट आले ते दोन्ही डाव्या पायाचे, तपकिरी. सलीमभाईंनी तक्रार केली. पलीकडून फार नम्र उत्तर आलं आणि आठ दिवसांत बदली माल आला. दोन्ही उजव्या पायाचे, काळे.

डावे बूट न्यायला माणूस येणार होता. तो आलाच नाही. विचारलं तर कळलं, पार्सल पोचवायला आमचा भाग त्यांच्या नकाशात आहे, परत न्यायला नाही. म्हणजे आता सलीमभाईंकडे हिशेबानं बुटांचे दोन पूर्ण जोड झाले. एक त्यांनी राठोड सरांना दिला, कारण दोघांचं माप एकच. पुढच्या रविवारी दोघंही डावा तपकिरी, उजवा काळा घालून आर्णी रोडच्या टेकडीवर चढले. बूट मात्र अव्वल. अजून तळ झिजलेला नाही.

चहाच्या टपरीवर एकानं बराच वेळ त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि अदबीनं विचारलं, तुम्ही दोघं कोणत्या खात्यात आहात?

* * *

पक्ष्यांना बोलावणारी शिट्टी वैशालीताईंची. ‘बारा पक्ष्यांचे आवाज.’ तलावाकाठी ताईंनी अर्धा तास वाजवली. पक्षी एकही आला नाही, पण मागच्या झुडपातून शेळ्या आल्या. एक, दोन, करता करता चाळीस. ताईंना घेरून उभ्या राहिल्या आणि हलेनात.

मागून शेळ्यांचा मालक धापा टाकत आला. आम्हाला वाटलं, आता भांडतो. त्यानं आधी शेळ्यांकडे पाहिलं, मग शिट्टीकडे. सात वर्षं झाली, या जनावरांनी माझं एक ऐकलं नाही, असं तो म्हणाला. ताईंनी शिट्टी त्याच्या हातावर ठेवली.

* * *

होकायंत्राचा किस्सा मी स्वतः चाललोय म्हणून सांगतो. सरांनी ते मागवलं होतं. लाल टोक उत्तर दाखवतं, असं सर पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आले. या काट्याचं लाल टोक दक्षिण दाखवत होतं. हे आम्हाला जंगलात तीन तास चालल्यावर कळलं. ढग दाटलेले, सूर्य नाही, मोबाइलला रेंज नाही, पाण्याच्या बाटल्या संपलेल्या. वैशालीताईंनी दोनदा सुचवलं की आपण उलटं जाऊन राह्यलो. सरांनी दोन्ही वेळा काट्याकडे बोट दाखवलं.

शेवटी झाडी संपली आणि आम्ही थेट एका लग्नाच्या मांडवात निघालो. अंगाला काटे, केसांत पालापाचोळा. एक फेटेवाले काका लगबगीनं पुढे आले आणि विचारू लागले, नवरदेवाकडचे काय? खोटं बोलणं सरांना जमत नाही. ते म्हणाले, नाही, आम्ही चुकलेले आहोत.

काका म्हणाले, “चुकले असान तं बसा. पंगत बसूनच राह्यली.”

वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. आम्ही इतके जेवलो की वाढणारे कौतुकानं थांबून पाहायला लागले. सरांनी होकायंत्र परत पाठवलं नाही. पोरांना दिशा शिकवायला त्यांनी दुसरं घेतलं. हे मात्र भूक लागली की काढतात.

* * *

आणि बोट. वैशालीताईंनी तलावासाठी ‘दोन माणसांची हवेची बोट’ मागवली. खोक्यातून लहान मुलांचा पाण्यात खेळायचा टब निघाला. गोल, पाच फुटी, त्यावर पिवळी बदकं आणि हसणारा ऑक्टोपस. सोबत पायानं हवा भरायचा पंप. स्वतः कुरिअर करून परत पाठवायची मुदत ताईंच्या ड्युटीत निघून गेली. शेवटी अंगणवाडीला देऊन टाकू म्हणून तो त्यांनी स्कूटीच्या डिकीत कोंबला.

ऑगस्टातला रविवार होता. रात्रभर पाऊस पडलेला, म्हणून भटकंती रद्द करून आम्ही ताईंच्या उपकेंद्रात चहा पीत बसलो होतो. सरांचा फोन वाजला. तांड्यावर त्यांच्या चुलतभावाच्या सुनेला, अनिताला, कळा सुरू झाल्या होत्या. दिवस भरायच्या आधी. ॲम्ब्युलन्स आली होती, पण नाल्याच्या अलीकडे. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी चाललं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी कमरेएवढं होतं, गढूळ आणि जोरात. ड्रायव्हर म्हणाला, गाडी घालणार नाही, आणि त्याचं बरोबर होतं. तांड्यातला ट्रॅक्टर वावरात रुतलेला. पलीकडे खाटेवर अनिता, तिच्याभोवती माणसं. खाट खांद्यावर घेऊन ते पाण्यात उतरायच्या बेतात होते. ताईंनी ओरडून त्यांना थांबवलं. एकाचा पाय घसरला तर खाट बुडेल, एवढंच त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या.

“प्रमोदभाऊ, डिकीतला टब काढा.”

सलीमभाईंनी पंप मारला. असा मारला की मला वाटलं, ऑक्टोपस फुटतो आता. पलीकडून विहिरीचा दोर फेकला, तो दोन्ही काठांच्या कडुलिंबांना आवळून बांधला. आधी ताई बॅग मांडीवर घेऊन पलीकडे गेल्या, आम्ही तिघं टब धरून. मग गोधडी अंथरून अनिताला त्यात निजवलं, ताई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि तांड्याचे सहा आणि आम्ही तिघं असे नऊ जण पाण्यात उतरलो.

मधोमध एक ओंडका वाहत आला. राठोड सर वळले आणि त्यांनी तो पाठीवर घेतला. टब जरासा हलला, एवढंच. अनितानं ताईंचं मनगट धरलं होतं आणि ताई तिला एकसारख्या सांगत होत्या, “माझ्याकडे पाह्य. पाण्याकडे नाही, माझ्याकडे.”

काठ आला. ॲम्ब्युलन्सचं दार लागलं, ताई आतच होत्या, गाडी गेली. आम्ही चिंब, तिथंच उभे. पाऊण तासानं सरांचा फोन वाजला. मुलगी झाली होती. दोघी चांगल्या होत्या. सर काठावर ठेवलेल्या टबात जाऊन बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. सलीमभाई त्यांच्या पाठीवरचं खरचटलेलं आपल्या रुमालानं पुसत राहिले.

महिन्याभरानं ताई दुकानात आल्या होत्या, तेव्हा साइटचा मेसेज आला: आपण घेतलेल्या बोटीबद्दल अभिप्राय द्या. ताईंनी काउंटरला टेकून तिथंच टाइप केलं. मी वाकून वाचलं.

‘वर्णनाप्रमाणे माल नाही. दोन माणसांची म्हणून पाठवली, तीन गेली. बाळ-बाळंतीण सुखरूप.’

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचं उत्तर आलं: ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’