समुद्राची ओटी

वैनी कधी थेट जेवायला बसल्याच नाहीत. ताट वाढलेलं असायचं, भूक सपाटून लागलेली असायची, तरी त्या ताटाच्या कडेवर हात ठेवून मान उंच करायच्या आणि विचारायच्या, "कोण ऱ्हायलंय का?" नेसरीला त्यांचं सासर म्हणजे खटल्याचं, माणसांनी भरलेलं घर. तिथं सुनेनं हे विचारायचंच असतं. पण वैनींनी हाच प्रश्न भर अरबी समुद्रात, जहाजाच्या जेवणाच्या दालनात विचारला, तोही बांधावरून बांधावर हाक मारतात त्या आवाजात. शेजारच्या टेबलावरची दोन परदेशी मुलं काटे-चमचे खाली ठेवून उभी राहिली. त्यांना वाटलं, काहीतरी सूचना असावी.

ते जहाज म्हणजे तरंगतं कॉलेज होतं. एक अख्खं सत्र समुद्रावर काढायचं, वर्ग जहाजातच भरायचे आणि मधल्या बंदरांत उतरून अभ्यास करायचा. कोल्हापूर जिल्ह्यातून आम्ही दोघीच निवडल्या गेलो होतो. मी हुपरीची, चांदीचे पैंजण घडवणाऱ्या घरातली. वैनी शेतीत एम.एस्सी. करणाऱ्या, नुकतंच लग्न झालेल्या. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या ऑफिसात मुलाखतीला त्यांच्यासोबत त्यांचा धाकटा दीर आला होता. तो वैनी म्हणाला म्हणून मीही म्हणाले, आणि मग सगळं जहाजच म्हणायला लागलं. प्राध्यापक हजेरीलाही तेच नाव घ्यायचे. वैनींनी कुणाला दुरुस्त केलं नाही. "बरंच हाय की," म्हणायच्या, "एवढे दीर नि नणंदा कुणाला मिळत्यात?"

स्वतः त्या मात्र सगळ्यांना एकाच नावानं हाक मारायच्या. कोचीच्या धक्क्यावर जहाजाचा कप्तान शिडीपाशी उभा राहून प्रत्येकाचं स्वागत करत होता. चांगला धिप्पाड, पिकल्या दाढीचा, कडक इस्त्रीतला माणूस. वैनींनी त्याला हात जोडले आणि म्हणाल्या, "नमस्कार पावणं." स्वतःच्या जहाजावर स्वतःच पाहुणा झालेला तो पहिलाच कप्तान असावा. तो अदबीनं वाकला. त्याला काय ठाऊक, आमच्याकडे उसाची गाडी अडवणाऱ्यालासुद्धा पावणंच म्हणतात.

आम्हा दोघींना एकच केबिन मिळाली. वैनींच्या पायात पैंजण होते. त्या पहिल्यांदा केबिनमध्ये शिरल्या तेव्हाच मी वाजण्यावरून सांगितलं की हे आमच्या हुपरीचे. लहानपणापासून त्याच आवाजात झोपले-उठलेय, मला कळणार नाही तर कुणाला! वैनींना त्याचं केवढं अप्रूप. पुढं जहाजात वाट चुकले की मी कान देऊन उभी राहायची. लोखंडी जिन्यावरून पैंजण वाजत आले की समजायचं, वैनी शोधायला निघाल्यात.

मला गाडी लागत नाही असा माझा मोठा तोरा होता. आंबोलीचा घाट एसटीच्या मागच्या सीटवर बसून भडंग खात उतरलेली मी. पण किनारा दिसेनासा झाला आणि मला बोट लागली. डोळे मिटले तर पोटात ढवळायचं, उघडले तर समोरची भिंत वर-खाली व्हायची. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्यांनी नुसती गुंगी यायची. त्यात फोन लागत नव्हता. आईचा आवाज ऐकला असता तर निम्मं दुखणं पळालं असतं, असं तेव्हा अगदी खात्रीनं वाटायचं.

वैनींना समुद्राचं काहीच झालं नाही. वर्ग करायच्या, सगळ्यांची जेवणं विचारायच्या आणि येऊन माझ्या तोंडात भडंगाची चिमूट घालायच्या. मी नको म्हटलं की दटावायच्या, "खा. पोटात काय नसलं की समुद्र आत शिरतोय." त्या चिमटीवरच मी जगले. पण मनातून मी हरले होते. आमच्यावर लक्ष ठेवणाऱ्या प्राध्यापिका बघायला आल्या तेव्हा मी सांगून टाकलं की पहिलं बंदर मोंबासा, तिथं मी उतरणार आणि विमानानं घरी जाणार. वैनींना मात्र सांगायचा धीर झाला नाही. रोज चिमटीनं भरवणाऱ्या माणसाला असं कसं सांगायचं?

आता ओटीचं. निघताना वैनींच्या सासूबाईंनी डब्यात दोन नारळ, दोन हिरवे खण, तांदूळ आणि हळकुंडं बांधून दिली होती. एक ओटी जातानाची, एक परततानाची. नदीला नवं पाणी आलं की आमच्याकडे बायका तिची ओटी भरतात. तिला रिकामी जाऊ द्यायची नसते. मग एवढ्या मोठ्या पाण्यावरून घरची सून जाणार, तर त्याची ओटी नको? पण कोचीला सामान आणि तपासण्यांच्या गडबडीत ती राहून गेली, आणि इकडं मी आडवी झाले. वैनींच्या मनात चित्र स्पष्ट झालं, की समुद्र रुसलाय आणि राग या पोरीवर काढतोय.

समुद्रात काहीही टाकायचं नाही, असं आम्हाला जहाजावर पाऊल ठेवताच बजावलं होतं. वैनींनी ते मन लावून ऐकलं होतं. त्यांनी त्याचा अर्थ असा घेतला की कचरा टाकायचा नाही. ओटी म्हणजे काही कचरा नव्हे. त्यामुळं एका संध्याकाळी, दिवस मावळताना, त्या जहाजाच्या मागच्या डेकवर गेल्या, डोक्यावरून ओढणी घेतली, नारळाला हळदीकुंकू लावलं, खणात गुंडाळला आणि मनोभावे खाली सोडला. वाऱ्यानं खण मध्येच उलगडला. दुरून पहाऱ्यावरच्या माणसाला एवढंच दिसलं की कठड्यावरून हिरव्या कपड्यातलं काहीतरी पाण्यात पडलं.

माणूस पडला असं समजून त्यानं भोंगा वाजवला. जहाज वळायला लागलं, एक होडी खाली सोडली, आणि सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमावं असा हुकूम झाला. वैनीही धावत आपल्या जागी गेल्या. आपल्या नारळाचा आणि या भोंग्याचा काही संबंध असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. गटागटानं नावं पुकारली जाऊ लागली. मी केबिनमध्ये गुंगीत होते. भोंगा ऐकू आला, पण उठायचं त्राण नव्हतं, आणि वाटलं, सरावच असेल.

वर डेकवर माझं नाव पुकारलं गेलं. पुन्हा पुकारलं, पुन्हा पुकारलं. जन्मभर "कोण ऱ्हायलंय का" विचारणाऱ्या बाईला त्या दिवशी उत्तर मिळालं, आणि ते माझं नाव होतं. पुढं कधीतरी त्यांनी मला सांगितलं, "मी समुद्राला म्हणलं हुतं, पोरीला मोकळी कर. मला वाटलं, त्यानं तुला नेलीच."

अधिकारी थांबवत असताना त्या तिथून सुटल्या. मला आठवतात ते पैंजण. इतके भरभर वाजत आलेले पैंजण मी आमच्या कारखान्यातही ऐकले नव्हते. दार धाडकन उघडलं. वैनींनी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, मग खांदे, मग हात. "हाईस व्हय गं," एवढंच म्हणाल्या. "हाईस." आणि खाली जमिनीवर बसून हमसून हमसून रडल्या. मला काही कळेना. मी रडणाऱ्या वैनी पाहिल्याच नव्हत्या.

मग त्यांनी मला उठवलं आणि जवळजवळ उचलूनच वर नेलं. किती दिवसांनी मी मोकळ्या हवेत आले होते. माझं नाव लागलं, माणसं पुरी भरली आणि डेकवर टाळ्या पडल्या. अनोळखी मुली येऊन मला मिठ्या मारत होत्या. मी न पडताच वाचले होते, पण सगळ्यांच्या चेहऱ्यांवर हायसं वाटल्याचं दिसत होतं, त्यानं मलाच भरून आलं. तेवढ्यात होडी परत आली. खलाशाच्या हातात ओला हिरवा खण होता आणि एक नारळ.

तो कुणाचा हे कुणालाही कळलं नसतं. जहाजावर भारतातली मुलं बरीच होती. पण वैनींनी तो खण पाहिला, पांढऱ्या पडल्या, आणि सरळ कप्तानापुढं जाऊन इंग्रजीत म्हणाल्या की हे माझं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तानानं बोलावलं. वैनींसोबत मीही गेले. नियम साधा होता: असं करणाऱ्याला पुढच्या बंदरात उतरवायचं. वैनींचं इंग्रजी माझ्याहून चांगलं, पण त्या खोलीत त्यांना एक शब्द आठवेना. त्या मराठीत बोलायला लागल्या आणि दुभाषी मी झाले. ओटी म्हणजे काय, ती का भरतात, रिकाम्या हातानं कुणाला का पाठवत नाहीत, सगळं सांगितलं. कप्तान शांतपणे ऐकत होता. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, की मोंबासाला उतरून घरी जाणार आहे ती विद्यार्थिनी तूच ना?

वैनींनी वळून माझ्याकडं पाहिलं. रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "तू जाणार हाईस? मग मी ओटी कुणासाठी भरली गं?"

त्या पुन्हा कप्तानाकडं वळल्या. "पावणं, मला उतरवायचं तर उतरवा. चूक माझी हाय. पर हिला न्हाय म्हणली तरी ठेवून घ्या. काल रातीला ही भाकरीएवढा पाव खाऊन झोपली. हिची बोट उतरली."

कप्तान भाषांतराची वाट बघत होता. मी तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की त्या म्हणतात ते खरं आहे. काल डेकवर गेल्यापासून पोटात ढवळलं नव्हतं. सकाळी भूक लागून जाग आली होती. वैनींना उतरवून हे जहाज पुढं जाणार आणि कुणी विचारणार नाही की कोण राहिलंय, हे मला सहन होईना. मी इंग्रजीत म्हणाले, "त्या म्हणतायत की आम्हा दोघींना राहायचं आहे."

वैनींना इंग्रजी समजत होतं. मी काय सांगितलं ते त्यांना नीट कळलं. त्यांनी माझा हात धरला.

कप्तानानं दाढी कुरवाळली. मग त्यानं एकच विचारलं, आणखी नारळ आहेत का? वैनींनी खाली मान घालून सांगितलं की परततानाचा एक आहे. कप्तानानं तो जप्त केला. शिक्षाही दिली: इथून पुढं प्रत्येक सरावाला वैनींनी आमच्या गटाची पाटी धरून पुढं उभं राहायचं आणि माणसं पुरी आहेत का ते बघायचं. त्यांना ती शिक्षा वाटलीच नाही. आमचा गट सगळ्यांत आधी पुरा भरायचा, कारण उशिरा येणाऱ्याला वैनी जिन्यावरूनच अशी हाक मारायच्या की बाकीचे गटही धावत यायचे. त्या सकाळी कप्तानाकडून खाली येऊन केबिनचं दार लावून घेतलं तेव्हा आम्ही दोघी इतकं हसलो, की शेजारच्या केबिनमधून भिंत ठोकली गेली.

मोंबासा आलं. मी उतरले, शहाळं प्याले, आईला फोन केला, आणि संध्याकाळी पुन्हा जहाजावर चढले. घरी जायचं होतं हे आईला सांगायचं राहूनच गेलं.

आता वैनी नेसरीला आहेत, गावातल्या बायकांना गोठ्याचं आणि चाऱ्याचं शिकवतात. मी हुपरीतच. त्यांचा फोन आला की आधी माझ्या घरातल्या प्रत्येकाची विचारपूस होते, कारखान्यातल्या कारागिरांपर्यंत, आणि मग त्या कशासाठी फोन केला ते सांगतात.

पण मला त्या दिसतात कोचीच्या धक्क्यावर, प्रवास संपला त्या दिवशीच्या. कप्तान स्वतः खाली आला. जप्त केलेला नारळ त्यानं दोन्ही हातांनी वैनींना दिला. वर तो हिरवा खण होता, धुतलेला, इस्त्री केलेला. पण पाण्यात टाकायचं नाही, असं त्यानं तेव्हाही बजावलंच. वैनी म्हणाल्या, "न्हाय टाकत. पयली ओटी त्यानं परत दिली. आता ह्यो परसाद." आणि दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर त्यांनी नारळ फोडला.

तुकडे करून त्या वाटत सुटल्या. पहिला कप्तानाला, मग खलाशांना, मग मुलामुलींना, मग बॅगा उचलणाऱ्या हमालांना. मी मागं उभी राहून डोळे पुसत होते. हाक आली, "कोण ऱ्हायलंय का?" मी हात वर केला. वैनींनी शेवटचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि रिकामे हात ओढणीला पुसले.

मी तो तुकडा मोडून अर्धा त्यांच्यापुढं धरला. "वैनी, तुम्ही राहिलात."

त्या थबकल्या. हे त्यांना याआधी कुणी म्हटलं असेल असं वाटलं नाही.

"व्हय की गं," त्या म्हणाल्या, आणि हात पुढं केला.