एसटी दारावरून जाते

मी प्लॉटिंगचे नकाशे काढतो. बीडच्या आजूबाजूच्या ज्वारी-करडईच्या कितीतरी रानांचे चौकोन मी माझ्या हातानं पाडलेत. वडवणी रस्त्यावरचं, गावापासून बरंच लांबचं एक लेआउट काढताना त्यातला कोपऱ्याचा प्लॉट मला आवडला. तिथंच आम्ही घर बांधलं.

त्याआधी आम्ही बसस्टँडच्या मागं भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. मी सायकलवर कामाला जायचो. संध्याकाळी बायको आणि मी मंडईत चालत जायचो. येताना इतके ओळखीचे भेटायचे की एवढ्याशा रस्त्याला तास लागायचा. सासूबाई वडवणीच्या. आठ-पंधरा दिवसांनी त्या एसटीनं येत आणि स्टँडवरून पिशवी घेऊन चालत घरी पोचत. पिशवीत कधी हुरडा, कधी शेवग्याच्या शेंगा. त्यांना आणायला कधी कुणाला जावं लागलं नाही.

नव्या घरात वारा, उजेड सगळं होतं. पण कोथिंबीर संपली तरी गाडी काढावी लागे. वर्षभरात दारात मोटारसायकल, लेकीची स्कूटी आणि कार उभी राहिली. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर धूर सोडत यायचा. बायकोला गाडी चालवता येत नव्हती. भाजी मीच येताना आणू लागलो. मी आलो की ती विचारायची, आज कोण कोण भेटलं? गाडीवरून जाताना मला कुणी भेटलेलं नसायचं.

एका दुपारी जुन्या खोल्यांत राहायला आलेल्या बाईंचा फोन आला. सासूबाई त्यांच्या पायरीवर बसल्या होत्या. वास्तुशांतीनंतर त्या पहिल्यांदाच येत होत्या. एसटी आमच्या नव्या घरासमोरूनच आली होती. सासूबाईंनी कंडक्टरला विनंती केली, पण इथं थांबा नाही म्हणून गाडी पुढं गेली. स्टँडवर उतरल्यावर त्यांना कॉलनीचं नाव आठवेना, म्हणून सवयीनं त्या जुन्या घरी गेल्या.

मी कामावरून तसाच मोटारसायकल घेऊन गेलो. त्यांना तिच्यावर बसता येईना, म्हणून रिक्षा केली. ज्या रस्त्यानं त्या आल्या त्याच रस्त्यानं आम्ही उलटे निघालो. वाटेत त्या म्हणाल्या, "जावईबापू, घर खिडकीतून दिसलं मला. माझी पोरगी गच्चीवर कपडे वाळू घालीत व्हती. मी हात बी केला. तिनं पाह्यलं न्हाई."

हे मी बायकोला कधी सांगितलं नाही.

मी थांब्यासाठी अर्ज केला. तिथं वस्ती विरळ आहे, असं उत्तर आलं. खोटं नव्हतं. निम्मे प्लॉट अजून रिकामेच होते, लोकांनी नुसते घेऊन ठेवलेले. पुढं आम्हा नकाशे काढणाऱ्यांच्या एका कार्यशाळेत एक तरुण मॅडम सांगत होत्या, की गाव असं विरळ पसरत गेलं की माणसागणिक इंधन जास्त जळतं आणि कार्बन हवेत जातो. बाकीचे वहीत लिहून घेत होते. मी आपला आमच्या दारातल्या गाड्या आठवत बसलो. माझ्या नकाशात रस्ते होते, बागेची जागा होती, थांबा नव्हता. कुणी मागितला नव्हता आणि मलाही सुचला नव्हता.

नंतर बायकोनंच कॉलनीतल्या बायका गोळा केल्या आणि सह्या घेऊन ती स्वतः दोन-तीनदा एसटीच्या साहेबांना भेटली. शेवटी थांब्याची पाटी लागली. तिनं लगेच आईला फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "लई बरं झालं बाई. पर आता एसटीत चढाय गुडघे साथ देत न्हाईत. तूच येत जा."

आता ती दर आठवड्याला तिथूनच वडवणीची गाडी धरते. सासूबाई आमच्या घरी राहायला आल्या त्या एकदाच, रिक्षानं.

सध्या माझ्या टेबलावर आणखी लांबचं एक लेआउट आहे. थांब्यापुरती जागा सोडा, असं मी जमिनीच्या मालकाला सांगितलंय. बघू म्हणालेत.