एका दिवसाचं पाळणाघर

मळ्यात तिला सगळे टकळी म्हणत. कॉफीची पिकलेली फळं तोडताना हाताइतकंच तिचं तोंडही चाले, आणि मुकादमालाही चार शब्द सुनावायला ती मागेपुढे बघत नसे. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून एकदा तोंड दाखवायचा. एरवी घरात ती आणि चार वर्षांची पोर.

आधी पोर तिच्याबरोबर मळ्यात यायची, सावलीत बसून खेळायची. मग मळ्याला हिरवा शिक्का मिळाला. पोत्यावर तो असला की कॉफी चढ्या भावाने जाते, कारण पिणाऱ्याला खात्री वाटते की तिथे विषारी फवारणी होत नाही, मजुरी रास्त मिळते आणि मळ्यात एकही मूल नसतं. नियम चांगलाच हो, वाईट कोण म्हणेल? मुलांसाठी पाळणाघर हवं, असंही त्यात लिहिलेलं. तेही बांधलं. रंगवलेल्या भिंती, ठोकळे, इवल्या इवल्या खुर्च्या, आणि दाराला हे एवढं मोठं कुलूप. सांभाळणारी बाई ठेवायची तर तिला पगार द्यावा लागतो, ते कोणाला हवंय!

मग टकळी सकाळी डब्यात भात आणि पाण्याची बाटली पोरीजवळ ठेवायची आणि बाहेरून कडी लावून कामावर जायची. कितीदा तरी पोर रडून रडून दाराशीच झोपलेली सापडली. एकदा तिच्या हातात काडेपेटी होती. त्या दिवसापासून टकळीच्या जिवाला घोर लागला.

शिक्क्यासाठीच्या तपासणीच्या आदल्या दिवशी मॅनेजरने बायकांना पढवलं. पाळणाघर रोज उघडतं असंच सांगायचं, शिक्का गेला तर निम्म्या जणी घरी बसतील. टकळीने मान डोलावली, पण मनाशी पक्कं ठरवलं होतं. तपासणीत सगळं सांगून टाकायचं.

तपासनीस बाई भली होती. तिने मॅनेजरला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि नाव कुठेही येणार नाही अशी हमी दिली. मग विचारलं, "ताई, तुमची मुलगी दिवसभर कुठे असते?"

खिडकीतून पाळणाघर दिसत होतं. आज ते उघडं होतं. ऑफिसातली एक बाई ठोकळे रचून देत होती आणि पोर ते पाडून खदाखदा हसत होती. टकळीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण काम गेलं तर या पोरीच्या डब्यात भात तरी कुठून येणार? मेलं तोंडच उघडेना.

"पाळणाघरात," ती शेवटी म्हणाली. "रोज."

तपासनीस बाईने कागदावर खूण केली आणि समाधानाने सांगितलं, की सगळं छान आहे, आता पुढची तपासणी तीन वर्षांनी. टकळी जन्मभर नको तिथे बोलली, आणि बोलायचं तेव्हाच वाचा बसली.

दुसऱ्या दिवशी पोर न उठवताच उठली. वेडेवाकडे केस विंचरले, चपला घातल्या आणि दारात जाऊन उभी राहिली. ठोकळ्यांकडे जायचं होतं तिला. टकळीला तिच्याकडे बघवेना.

"आत थांब, आलेच मी," ती म्हणाली आणि कडी लावली.

आतून रडण्याचा आवाज आला नाही. पोर चपला घालून वाट बघत होती.