कुटाराचं पोतं

माझे बाबा तरुणपणी कबड्डी खेळायचे. त्यांनी घोटा धरला की समोरचा गडी सुटत नसे, असं सेनगावात अजून सांगतात. कुणी सांगितलं नाही तर बाबा स्वतः सांगतात. मला त्यांनी लहानपणापासून एकच शिकवलं, "जीव गेला तरी हात सोडायचा न्हाई." कॉलेजात मी रग्बी खेळायला लागले आणि हीच शिकवण माझ्या मुळावर आली.

रग्बीत चेंडू घेऊन पळणारीला धरून खाली पाडायचं आणि पाडल्याबरोबर सोडायचं. मग उठून उभं राहायचं, तेव्हाच चेंडूला हात लावायचा. मी पाडायची झकास, पण सोडायचीच नाही. शिट्टी वाजायची, चेंडू समोरच्या संघाला मिळायचा आणि मी तिचा पाय कवटाळून तशीच पडलेली. निवड चाचणीला पंधरा दिवस राहिले तेव्हा आमचे रग्बीचे सर म्हणाले, "तुझ्यासारखं पाडणारी दुसरी न्हाई माझ्याकडं. पण सोडायला शिकली न्हाईस तर बारा जणींत तुला घेता येणार न्हाई." मला रडू आलं नाही, राग आला. त्या संघातून पुण्याला स्पर्धेला जायचं होतं, आणि जिल्ह्याबाहेर मी तोवर फक्त लग्नांना गेले होते.

घरी बाबांना सांगितलं. "काहून सोडायचं?" ते म्हणाले. "धरलेला गडी सोडतेत का कुठं?" दोन दिवस त्यांनी त्या खेळाला नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी जुन्या गादीची खोळ काखेत मारून बाजारातल्या गादीवाल्या चाचांकडे गेले. मीही मागून गेले. माणसाएवढं उंच, गोल पोतं शिवायचं म्हटल्यावर चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "इसपे सोएगा कौन?"

"सोना नहीं है, इसकू गिराना है," बाबा म्हणाले.

चाचांनी दाभणाने दुहेरी टाके घातले. आम्ही त्यात सोयाबीनचं कुटार, मळणीनंतर उरलेला भुसा, ठासून भरलं आणि अंगणात निंबाखाली उभं केलं.

रोज सकाळी म्हशीला पाणी दाखवलं की मी बूट चढवायची. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवलेलं रबर तोंडात घालायची. त्यामुळे बाबांना मी काय उत्तर देते ते कळायचं नाही, आणि ते बरंच होतं. मग पोत्यावर झेप, मांडीच्या उंचीला खांदा, डोकं मागच्या बाजूला, पोतं आडवं. ते पडलं की लगेच दोन्ही तळवे उघडे करून छातीपाशी धरायचे आणि उठायचं. असं पन्नास वेळा. पोतं पडलं की "सोड" म्हणायचं काम बाबांकडे होतं, पण त्यांच्या तोंडून तो शब्द लवकर निघतच नसे. शेवटी मी रबर काढून चिडले, "बाबा, तुमीच उशीर करून राहिले."

ते ओशाळले. दुसऱ्या दिवसापासून पोतं जमिनीला टेकायच्या आत "सोड" यायला लागलं. एकदा पोतं उसवलं, केसात कुटारच कुटार झालं. चाचांनी पुन्हा शिवून दिलं आणि स्पर्धेचं विचारून घेतलं. संध्याकाळी बुटाच्या खिळ्यांतली काळी माती काडीने काढताना सुद्धा मी मनात "सोड, सोड" म्हणत असायची.

चाचणीत एक धिप्पाड मुलगी चेंडू घेऊन माझ्याच अंगावर आली. मी तिला पाडलं. माझे तळवे आपोआप उघडले, मी उठले, चेंडू उचलला आणि शिट्टीची वाट पाहत क्षणभर थबकले. ती वाजली नाही. मग मी जे पळत सुटले! यादीत माझं नाव अकरावं लागलं.

निघायच्या दिवशी बाबा स्टँडवर आले. खिडकीतून त्यांनी माझं मनगट धरलं आणि जेवण वेळेवर कर, पाणी उकळून पी असं काहीबाही सांगत राहिले. कंडक्टरने घंटी दिली, बस हलली. बाबा सोबत चालायला लागले, पकड तीच जुनी. ते पडतील याची मला भीती वाटली.

"बाबा, सोडा," मी हळूच म्हणाले.

त्यांनी त्याच क्षणी सोडलं. दोन्ही तळवे उघडे करून छातीपाशी धरले आणि बस वळेपर्यंत तसेच उभे राहिले. तेव्हा मात्र मला रडू आलं.