फ्रीजरमधलं रबर

बाबांनी तीस वर्षं एसटी चालवली. साताऱ्याहून महाबळेश्वर आणि पुढे आंबेनळीचा घाट उतरून पोलादपूर. धुकं, दरडी, रस्त्यात आडवी बसलेली गुरं, सगळं त्यांनी स्टिअरिंगमागून पाहिलं होतं. बर्फ मात्र फक्त उसाच्या रसात.

माझ्या लेकीची सहावीची मोठी परीक्षा, पीएसएलई, संपली की बर्फ बघायला नेईन, असं मी तिला कबूल केलं होतं. बाबा तेव्हा आमच्याकडे सिंगापूरला आलेले. आईला विमानाची भीती, ती आलीच नव्हती. नवऱ्याचं ऑफिसात नव्या सिस्टिमचं काम चालू होतं, त्यामुळे तोही येणार नव्हता. तेव्हा बाबा, मी आणि लेक असे तिघंच डिसेंबरच्या सुरुवातीला जपानला जायचं ठरलं. डोंगरातल्या एका गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी. तिथवर बस जायची, पण दिवसातून दोनदाच. मी म्हटलं, गाडी भाड्यानं घेऊ. चालवीन मी.

म्हणाले खरी. लायसन्स काढून मला पाच वर्षं झाली होती, पण आमच्याकडे गाडी नव्हती. सिंगापुरात गाडीपेक्षा ती ठेवायचा परवानाच महाग. कधीमधी भाड्याची गाडी घेऊन पासिर रिसच्या समुद्रावर जायचं, एवढाच माझा सराव. तोही सपाट रस्त्यावर, तीस डिग्रीत.

गाडीचा फॉर्म भरायला बसले आणि चौथ्याच प्रश्नाला अडले. टायर कुठले हवेत, ऑल-सीझन की विंटर? मी कंपनीला मेल करून विचारलं. उत्तर अगदी नम्र होतं: त्या दिवसांत बर्फ पडेलही, कदाचित पडणारही नाही, निवड कृपया आपणच करावी.

तांजोंग पगारच्या माझ्या ऑफिसात मी हा प्रश्न जेवताना काढला. शेजारी बसणारी म्हणाली, "ऑल-सीझन म्हणजे सगळे ऋतू. त्यात हिवाळा आलाच की!" घरी नवरा म्हणाला, "सरळ विंटर घे आणि मोकळी हो." दोघांनीही बर्फात गाडी चालवलेली नव्हती.

बाबा चहात खारी बुडवत ऐकत होते. म्हणाले, "सगळ्या ऋतूंत चालतो म्हणजे एकाही ऋतूत धड चालत नसेल. पण मी डोळ्यांनी बघितल्याबिगर सांगायचो नाही. टायर दाखव मला."

"आजोबा," लेक म्हणाली, "हिअर गॉट नो स्नो टायर लाह!"

"काय म्हणते ही?"

"इथं बर्फाचे टायर मिळत नाहीत म्हणते."

"विचारायला काय जातंय?"

शनिवारी सकाळी आम्ही तिघं चालत निघालो. बुकित बातोकच्या आमच्या ब्लॉकपासून दहा मिनिटांवर गॅरेजांची रांग आहे. त्यातलं टायरचं दुकान साठीच्या एका चिनी अंकलचं. मी विचारलं तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे, मग आभाळाकडे पाहिलं आणि असे हसले की आतला कामगार बाहेर आला. इथे एकच सीझन, म्हणाले, ओला आणि गरम.

मी वळणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "वेट, वेट." आत गेले, टेबलफॅन उचलून जमिनीवर ठेवला आणि तो ज्यावर उभा होता तो टायर घरंगळवत बाहेर आणला. जपानहून आलेल्या एका जुन्या गाडीला चारही टायर बर्फाचे होते. इथल्या उन्हात ते मऊ पडायचे, हायवेवर गुणगुणायचे. मालक वैतागला. अंकलनी चारही बदलले, तीन टाकून दिले आणि एक पंख्याखाली ठेवला.

बाबा तिथेच उकिडवे बसले. मी त्यांना देवापुढेसुद्धा इतकं एकाग्र झालेलं पाहिलेलं नाही. त्यांनी टायरवरून अंगठा फिरवला, नख लावलं, वासही घेतला. "आगं, ह्याच्यावर ब्लेडनं चिरा मारल्यात बघ. प्रत्येक ठोकळ्यावर आठ-आठ, दहा-दहा." अंकलनी बोटं वाकवून मांजराच्या पंजासारखी केली आणि हवेत ओरबाडून दाखवलं. या चिरा बर्फ धरतात. बाबांना ते लगेच कळलं. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती, पण पाचच मिनिटांत मी मधे बोलायची थांबले.

एक गोष्ट मात्र मलाच विचारावी लागली. "थंडीत रबर काय करतं ते विचार त्याला," बाबा म्हणाले.

अंकल म्हणाले, साधं रबर थंडीत कडक होतं, ऑल-सीझनही बऱ्यापैकी कडक होतं, हे मऊ राहतं. मी बाबांना सांगितलं.

"असं तो म्हणतो," बाबा म्हणाले. "पण कशावरून?"

हेही मी सांगितलं, जरा लाजतच. अंकलना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी मांडीवर थाप मारली, मोठी सुरी आणली आणि पंख्याखालच्या टायरचा काडेपेटीएवढा तुकडा कापून बाबांच्या हातात दिला. मग भंगारातला एका मोठ्या गाडीचा ऑल-सीझन टायर शोधून त्याचाही तेवढाच तुकडा. पैसे घेतले नाहीत. निकाल काय लागला ते येऊन सांगा, एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर दोन्ही तुकडे धुऊन, पिशवीत घालून फ्रीजरमध्ये मटारशेजारी ठेवले. शिवाय बाबांनी स्टीलच्या ताटात पाणी ओतून तेही वरच्या खणात सपाट बसवलं. त्यासाठी मला आइस्क्रीमचे दोन डबे त्याच दुपारी संपवायला लावले. लेकीनं आनंदानं मदत केली.

रविवारी सकाळी मी उठले तर दोघं फ्रीजसमोर माझी वाट बघत उभी. लेकीनं तुकड्यांच्या मागच्या बाजूला खडूनं खुणा केल्या होत्या. आजोबांनी डोळे मिटून ओळखायचं, असं ठरलेलं. पहिला तुकडा बाबांनी टेबलावर आपटला. टक्! पाटावर लाटणं आपटावं तसा आवाज. दुसरा आपटला तर नुसतं धप्प. त्यात नख रुतत होतं, बोटांनी तो वाकत होता. "हा बर्फाचा!" बाबा डोळे मिटूनच ओरडले. लेक टाळ्या पिटत नाचायला लागली. नवरा झोपेतून उठून आला आणि काय झालं हे न विचारताच तुकडे वाकवून बघायला लागला.

मग ताट काढलं. बर्फाच्या थरावर दोन्ही तुकडे शेजारी ठेवले आणि मी ताटाची एक कड हळूहळू उचलू लागले. ऑल-सीझन लगेच सुटला, घसरत कडेला जाऊन आपटला. दुसरा धरून राहिला. आणखी उचललं, तरी धरून राहिला. चौघंही श्वास रोखून होतो. आणखी उचललं, आणि तोही गेला.

लेक हिरमुसली. बाबा मात्र माझ्याकडे बघत होते. "हे ध्यानात ठेव," ते म्हणाले. "घसरतो तोही. टायर चांगला आहे म्हणून उडायचं नाही."

त्याच टेबलावर, बर्फाचं पाणी पुसून, मी फॉर्म भरला. विंटर. दुपारी बाबा बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन एकटेच अंकलकडे निकाल सांगायला गेले. कसा सांगितला कोण जाणे, परत आले तेव्हा डबा रिकामा होता आणि चेहरा फुललेला.

जपानला पोचलो. पहिले दोन दिवस रस्ते कोरडे ठणठणीत. टायर गुणगुणत होते आणि फोनवर नवरा विचारत होता, "काय, पडला का बर्फ?" तिसऱ्या दिवशी झऱ्यांच्या गावाचा चढ लागला आणि काचेवर काहीतरी पांढरं येऊन बसलं. मला आधी राखच वाटली. पाच मिनिटांत रस्ता, झाडं, कठडे, सगळं पांढरं.

एका वळणावर पुढची व्हॅन थांबली. तिची चाकं जागच्या जागी फिरत होती. चढावरच मलाही थांबावं लागलं. दोन माणसांनी ढकलून व्हॅन कडेला घेतली, आणि आता मला निघायचं होतं.

"घाबरू नको," बाबा शांतपणे म्हणाले. "पाय हलका. झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालतेस ना, तसा ठेव."

मी तसा ठेवला. गाडी क्षणभर विचार करत असल्यासारखी थांबली, मग चाकांनी धरलं. आम्ही चढत होतो! व्हॅनच्या शेजारून, वळणावरून, वर, वर. मागून लेक किंचाळली, मीही किंचाळले.

माथ्यावर रुंद जागा होती तिथे थांबवली. बाबा उतरले. सत्तरीचा माणूस, पण लेकीच्या आधी उतरले. ओंजळ भरून बर्फ घेतला, वास घेतला, जिभेवर ठेवला. मग वाकून चारही टायर तपासले, प्रत्येकाला थाप मारली. परत बसले तेव्हा भुवयांवर पांढरे कण होते.

"उताराला लहान गिअर टाक, ब्रेकवर बसू नको," म्हणाले. "बाकी आता मी बोलत नाही. गाडी तुझी आहे."

गावापर्यंतच्या साऱ्या उतारावर त्यांनी खरंच एक शब्द काढला नाही. खिडकी मात्र पूर्ण खाली केली होती, आणि गारठून जाऊनही आम्हा दोघींपैकी कुणी ती लावा म्हटलं नाही.