ट्रकमध्ये न चढलेला मुलगा

पडद्यांच्या कारखान्यात तिला सगळे टाचणी म्हणत. कापड मोजताना, चुण्या घालताना तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्याच, आणि त्या तशाच ठेवून ती बोलायचीसुद्धा. नव्या माणसाला त्यातलं काही कळायचं नाही, जुन्यांना सवय झाली होती. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, सभागृहांचे मोठाले पडदे तिथे शिवले जात आणि टाचणी कापायच्या टेबलापाशी उभी असे. चाळिशी केव्हाच उलटलेली, आवाज खणखणीत, हात चालता. फक्त कोणी शिक्षणाचा विषय काढला की तिला एकदम दुसऱ्या खोलीत काहीतरी काम आठवायचं.

तशा शाळा तिने पुष्कळ पाहिल्या होत्या. तिचे वडील फरशा बसवायचे. जिथे इमारत उभी राहील तिथे ठेकेदाराच्या ट्रकमधून सगळं कुटुंब जायचं. फरशा बसल्या, घासून झाल्या, की पुन्हा ट्रक, पुन्हा दुसरं गाव. त्यामुळे नदीचा धडा ती निरनिराळ्या शाळांत पुन्हा पुन्हा शिकली आणि अपूर्णांक तिच्या वाट्याला कधी आलेच नाहीत. ती पोचायची तोवर ते शिकवून झालेले असायचे. शेवटी कुटुंब या शहरात स्थिरावलं तेव्हा तिचं वय वर्गातल्या मुलींपेक्षा बरंच जास्त होतं. लाज वाटली, आणि शाळा सुटली ती सुटलीच.

मुलगी कॉलेजसाठी वसतिगृहात राहायला गेली तेव्हा घर एकदम शांत झालं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, स्वभावाने थट्टेखोर. एका संध्याकाळी तो म्हणाला, “रोज पोरीला अभ्यासावरून बोलायचीस. आता कोणाला बोलणार? स्वतःच बस परीक्षेला.”

तो गंमत करत होता. पण त्या आठवड्यातच तिने शालान्त परीक्षा बाहेरून देणाऱ्यांच्या वर्गात नाव घातलं. नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

वर्ग रविवारी सकाळी एका प्राथमिक शाळेत भरायचा. बाकं इतकी बुटकी की गुडघे वर आपटायचे. शिकवणाऱ्या बाई तिच्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. मन लावून शिकवायच्या, पण घाईत, कारण अभ्यासक्रम भला मोठा आणि रविवार मोजकेच. साहित्याच्या पेपराला एक अमेरिकन कादंबरी होती, जुनी आणि नावाजलेली. शेतमजुरांचं एक कुटुंब फळं तोडायला या बागेतून त्या बागेत फिरत राहतं, एवढीच गोष्ट. टाचणीला वाटलं, चला, एवढं तरी सोपं जाणार. गणितात आपली भंबेरी उडणार हे ठरलेलंच आहे, पण ही कादंबरी म्हणजे अगदी घरची गोष्ट.

आणि नेमकी तिथेच ती अडकली.

कादंबरीतली माणसं सारखी दुःखी होती. ट्रक सुरू झाला की त्यांचा जीव कासावीस व्हायचा, थांबला की ती गप्प बसायची. टाचणीच्या आठवणीतला ट्रक असा नव्हताच. फरशांच्या खोक्यांवर चादर टाकून आडवं पडायचं, वरून तारा आणि फांद्या मागे पळायच्या. अर्धवट इमारतीत दारं न बसवलेल्या खोल्यांतून लपंडाव खेळायचा. ओल्या सिमेंटवर बोटाने चित्र काढायचं आणि बाबांची हाक आली की धूम ठोकायची. यात रडण्यासारखं काय होतं?

तिने वर्गात हात वर करून हे सांगितलं. बाई हसल्या, पण मायेने हसल्या.

“ताई, छान आठवण आहे. पण परीक्षेत ‘विस्थापनाचं दुःख’ असा मुद्दा लिहायचा.”

“पण बाई, दुःख झालंच नसेल तर?”

“पुस्तकात झालंय ना?”

“पुस्तकात झालंय.”

“मग झालं तर!”

टाचणीने मुद्दा लिहून घेतला. मनात मात्र पाल चुकचुकली. आपणही दुःखी होतो आणि आपल्याला पत्ताच लागला नाही, असं तर नाही? असं होऊ शकतं का माणसाचं?

पुढचं प्रकरण आलं आणि होता नव्हता तो धीरही गेला. त्यात एका सकाळी सगळं कुटुंब सामान चढवून निघतं आणि थोरला मुलगा ट्रकमध्ये चढतच नाही. पेट्रोल पंपाच्या भिंतीला टेकून तो उभा राहतो. बाप एकदा भोंगा वाजवतो, मग निघून जातो. बाईंनी सांगितलं, यावर प्रश्न हमखास येतो, ‘थोरल्या मुलाची निवड योग्य होती का? सकारण लिहा.’ त्याचे मुद्देही त्यांनी दिले. स्वातंत्र्याची ओढ, मुळं धरण्याची इच्छा, कुटुंबापासून तुटणं.

टाचणीचा हात थांबला. तिचा दादाही असाच एका गावी मागे राहिला होता. ते गाव म्हणजे हेच शहर, तेव्हा बरंच लहान होतं. दादा मिसरूड फुटायच्या वयाचा होता. ट्रक निघाला तेव्हा तो फरशांच्या वखारीसमोर उभा होता. तिला स्वच्छ आठवत होतं, कारण त्या दिवशी पुढच्या केबिनमधली दादाची खिडकीजवळची जागा पहिल्यांदा तिला मिळाली आणि ती खूश झाली होती. का राहिला, हे तिने कधी विचारलं नाही. बाबांनी त्याला वखारीत कामाला ठेवलं असणार, असं ती धरून चालली होती. दोनेक वर्षांनी सगळे परतले आणि दादाच्या खोलीतच राहू लागले. पुढे बाबा गेले. वखार शहराबाहेर हलली, तिचं मोठं गोदाम झालं, दादा तिथे सगळं पाहू लागला. त्या दिवसाबद्दल मात्र घरात अवाक्षर निघालं नाही.

आता ती कापडावर कात्री टेकवून उभीच राहायची. एकदा एका सभागृहाचा पडदा तिने चांगला वीतभर आखूड कापला. मुकादम कपाळाला हात लावून म्हणाला, “टाचणीबाई, प्रेक्षकांना नटांच्या चपला दाखवायच्या आहेत का?” खाली पट्टी जोडून वेळ मारून न्यावी लागली.

“विचार की सरळ दादांना,” नवरा म्हणाला.

“आणि काय विचारू? तुझी निवड योग्य होती का, सकारण सांग?”

“सकारण नको म्हणू,” तो म्हणाला. “घाबरतील.”

दादाकडे ती गेली ती दुपारची. आई दादाकडेच राहायची. वहिनी भांडी आवरत होती, आई खिडकीशी बसून शेंगा सोलत होती, दादा रेडिओचं बटण उगाच फिरवत होता. दादा म्हणजे कमी बोलणारा माणूस. ‘हो’ आणि ‘बघू’ यांवर त्याचा दिवस निघायचा. टाचणीने पुस्तक समोर ठेवलं आणि त्या थोरल्या मुलाचं प्रकरण सगळं सांगितलं, पेट्रोल पंप, भिंत, भोंगा. मग म्हणाली, “दादा, तुला बाबांनी इथे ठेवलं होतं ना?”

दादाने रेडिओ बंद केला.

“बाबांनी नाही ठेवलं,” तो म्हणाला. “मीच नाही चढलो.”

“म्हणजे?”

“म्हणजे नाही चढलो. कंटाळलो होतो. दर वेळी नवा मुकादम, नव्या शिव्या. फरशांची खोकी वाहून पाठीला फोड यायचे. तुला मजा वाटायची, तू लहान होतीस. ज्या खोक्यांवर तू झोपायचीस ती मी चढवलेली असायची.”

एवढं लांबलचक तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता. वहिनी ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

दादा आईकडे न बघता पुढे म्हणाला, “आईला सोडून राहिलो ते चूक केलं. तिच्यावर सगळं ओझं पडलं. म्हणून तो विषय मी काढत नाही.”

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. “काय बोलतोस तू?” ती म्हणाली. “तुला राहा म्हणून मीच सांगितलं होतं!”

“तू?”

“मग काय! आदल्या दिवशी दोरीवर कपडे घालताना. म्हटलं, तू उद्या चढू नकोस, तू इथे पाय रोव, म्हणजे आम्हाला परत यायला एक दार राहील. यांना सांगायची सोय नव्हती. तुला सांगितलं. तू मान हलवलीस.”

“मी मान हलवली?”

“चांगली हलवलीस.”

दादा बराच वेळ आठवत राहिला. “कपडे घालताना तू काहीतरी बोललीस खरं,” तो शेवटी म्हणाला. “पण तोंडात चिमटे होते तुझ्या. मला वाटलं, बादली उचल म्हणतेयस. मी बादली उचलली.”

वहिनीच्या तोंडून हसू फुटलं आणि तिने पदराने ते दाबायचा प्रयत्न केला. आई मात्र हसली नाही.

“म्हणजे तू माझ्या सांगण्यावरून राहिला नाहीस?” तिने विचारलं.

“नाही.”

“आणि मी इतकी वर्षं झुरतेय, की कोवळ्या पोराला मी आपल्या हाताने एकटं टाकलं! थंडीत तो कुठे झोपत असेल, काय खात असेल...”

“मला वाटायचं तू माझ्यावर रागावलीयस,” दादा म्हणाला. “परत आलीस तेव्हा माझ्याकडे बघायची नाहीस.”

“अरे, तोंड कुठे होतं मला बघायला!”

आई रडायला लागली. दादा उठून तिच्याजवळ गेला, पण तिथे गेल्यावर काय करायचं ते त्याला सुचेना, म्हणून खाली बसून तो शेंगा सोलू लागला. दाणे टरफलांत टाकू लागला आणि टरफलं दाण्यांत. आईने रडता रडताच त्याच्या हातावर चापट मारली.

टाचणी पुस्तक मांडीवर घेऊन बसून राहिली. ती विचारायला आली होती एक आणि निघालं भलतंच. निवड दादाची होती की आईची? दोघांनी एकच गोष्ट ठरवली, एकमेकांना न कळता, आणि दोघांनी एकमेकांना न विचारता त्याचं दुःख केलं. मग योग्य काय, अयोग्य काय? आणि बाबांचं काय? त्यांनी भोंगा वाजवला होता का? तिला आठवेना. तिने विचारलं, तर दादा म्हणाला वाजवला, आई म्हणाली त्या ट्रकचा भोंगा बंद होता.

परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर झाली. आजूबाजूला पोरंपोरी माना खाली घालून भराभर लिहीत होती. साहित्याच्या पेपरात प्रश्न आला, अगदी बाईंनी सांगितलेल्या शब्दांत. टाचणीला हायसं वाटलं. स्वातंत्र्याची ओढ हा मुद्दा तिने झोकात लिहिला. मुळं धरण्याकडे आली आणि लेखणी अडखळली. त्या मुलाच्या आईने आदल्या दिवशी त्याला काही सांगितलं होतं का? त्या पानावर आई ट्रकमध्ये पुढे बसलेली आहे आणि मागे वळून बघत नाही, एवढंच लेखकाने लिहिलंय. का बघत नाही? राग म्हणून की तोंड नाही म्हणून? मग तिने तेच लिहिलं. लिहिलं की, आईने सांगितलं असेल तर निवड त्याची एकट्याची नाही, सांगितलं नसेल तर आहे, आणि सांगितलं पण त्याला ऐकू आलं नाही असंही होऊ शकतं, तर मग काय म्हणावं हे मला समजत नाही. एवढ्यात घंटा झाली. शेवटचा प्रश्न तसाच कोरा राहिला.

ती पास झाली. गणितात अपेक्षेपेक्षा बरी, साहित्यात काठावर. नवऱ्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून टाकलं, लिफ्टमध्ये अडकलेल्या अनोळखी लोकांनासुद्धा सांगितलं. टाचणी बाईंना भेटायला गेली आणि तिने त्या उत्तराबद्दल विचारलं.

बाईंनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “उत्तर चूक नाही, ताई. पण प्रश्न तो नव्हता.”

“मग प्रश्न कोणता होता, बाई?”

“मी ते प्रकरण परत वाचते,” बाई म्हणाल्या. त्यांनी वाचलं की नाही, टाचणीला कळलं नाही. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली.

दादा मात्र त्या दुपारपासून बदलला. फार नाही, पण जेवताना आपणहून एखादी जुनी गोष्ट काढायचा, आणि आई ती लगेच खोडून काढायची. असंच एकदा बोलता बोलता ठरलं की ट्रक निघाला होता ती जागा बघून यावी. टाचणीही बरोबर गेली. रस्ता आता रुंद झालेला, मधोमध दुभाजक, दोन्ही बाजूंना दुकानं. दादाने गाद्यांच्या दुकानाकडे बोट दाखवलं. “इथे उभा होतो मी.”

“छे!” आई म्हणाली. “त्या बाजूला. ऊन तुझ्या तोंडावर येत होतं, तू डोळ्यांवर हात धरला होतास.”

“तू मागे वळून बघितलंच नाहीस, तुला काय माहीत?”

“आरशात बघितलं,” आई म्हणाली. “ट्रकच्या आरशात. वळेपर्यंत.”

टाचणी एकदा या फुटपाथकडे बघत होती, एकदा त्या. गादीवाला बाहेर आला आणि त्याने विचारलं, एक हवी की जोडी. मग उत्तराची वाट न बघता त्याने तिघांना आत बोलावलं आणि बसायला सांगितलं.